आरंभीची शिल्लक

बँकेच्या नोकरीत असताना नव्याने रुजू झालेल्या कारकुनाला मी पहिल्या दिवशी एक गोष्ट आवर्जून सांगत असे. एखाद्या खात्यातील व्यवहारावर मत देण्यापूर्वी त्या खात्याची आरंभीची शिल्लक पाहावी. दोन खात्यांत एकाच दिवशी सारखीच रक्कम जमा झाली, म्हणून त्या दोन खातेदारांची स्थिती सारखी होत नाही. इतकी साधी गोष्ट एप्रिल २०२१ मध्ये मी स्वतःच विसरलो आणि तिची किंमत माझ्या थोरल्या मावसभावांना मोजावी लागली. त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. गेल्या संवत्सरीला त्यांच्यापुढे हात जोडले, तेव्हा ते म्हणाले, "क्षमा तर केव्हाच केली आहे. पण हे एकदा लिहून काढ. तुझ्यासारखे सांगणारे आणि माझ्यासारखे ऐकणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत." त्यांच्या सांगण्यावरून हा लेख लिहीत आहे.

एकच लस, तीन माणसे

वाचकांना स्मरत असेल, जून २०२० मध्ये आमच्या लोणार सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले. नाना तर्क लढवले गेले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे स्पष्ट केले. डोळ्यांना न दिसणारे जीव केवढा पालट घडवू शकतात, हे त्या वेळी आम्ही सरोवरात पाहिले. सप्टेंबरमध्ये त्याचा अनुभव घरातच आला. मला करोना झाला. पाच दिवस ताप, पंधरा दिवस कशाचाच वास नाही, एवढ्यावर निभावले. सौभाग्यवतींची चाचणी नकारात्मक आली. मेहकरला राहणाऱ्या अण्णांच्या घरात तर त्या वर्षी कोणालाही लागण झाली नाही.

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांना लस मिळू लागली. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पती-पत्नींनी एकाच दिवशी, एकाच टेबलावर कोविशिल्ड घेतली. त्या रात्री मला हुडहुडी भरून १०२ अंश ताप आला. सौभाग्यवतींचा फक्त दंड दुखला. दोन-तीन दिवसांनी अण्णांनी मेहकरला लस घेतली. त्यांना काहीच झाले नाही. "आडतीच्या दुकानात पोती मोजलेलं शरीर आहे हे," असे ते फोनवर हसत म्हणाले.

एप्रिलच्या आरंभी काही कामानिमित्त औरंगाबादला गेलो असता तेथील एका प्रयोगशाळेत मी रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडींची, चाचणी करून घेतली. अहवालातला आकडा यंत्राच्या कमाल मर्यादेच्याही वर होता. मला कोण आनंद झाला! त्याच संध्याकाळी अण्णांना फोन करून सांगितले, "अण्णा, एका डोसात काम झालं. आकडा बघा केवढा आला."

एप्रिलच्या मध्यास अण्णांच्या पहिल्या मात्रेला चार आठवडे होऊन गेले होते. लसीचा तुटवडा होता, केंद्रावर पहाटेपासून रांगा लागत. रांगेत उभे राहावे का, असे त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, "घाई कशाला करता? आपलं काम तर झालंच आहे." 'आपलं' हा शब्द मी वापरला, हे मला आजही स्पष्ट आठवते. अण्णांची मुखपट्टी हळूहळू हनुवटीवर उतरली. महिन्याच्या अखेरीस, तेव्हाच्या नियमाप्रमाणे पंचवीस माणसांत झालेल्या एका घरगुती लग्नाला ते गेले. पाचव्या दिवशी ताप आला. पुढे सतरा दिवस त्यांना प्राणवायूवर काढावे लागले. जीव वाचला, हे पुण्य. परंतु आडतीच्या गादीवर ते पुन्हा बसले नाहीत, आणि आज स्थानकाच्या सात पायऱ्या चढताना त्यांना मध्ये एकदा थांबावे लागते.

माझा अनुभव खोटा नव्हता, अहवालही खोटा नव्हता. मग चूक कोठे झाली, हे समजून घेण्यासाठी पुढे मी बरेच वाचले आणि ओळखीच्या डॉक्टरांना बरेच विचारले. त्यातून जे उमगले ते सामान्य वाचकाच्या भाषेत मांडतो.

देवीच्या व्रणाची आठवण

आपल्या आधीच्या पिढीचा एक ठाम समज होता: देवी एकदा येऊन गेली की पुन्हा येत नाही, गोवराचेही तसेच. हा समज अनुभवातून आला होता आणि त्या दोन रोगांपुरता तो खराही होता. लसीकरणाचा उगमही याच निरीक्षणात आहे. गायीच्या देवीची लागण होऊन गेलेल्या गवळणींना माणसांतली देवी होत नाही, हे पाहूनच एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये आपला प्रयोग केला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली लस टोचली गेली. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी आढळला नाही. आमच्या पिढीच्या दंडांवर मात्र तिच्या लशीचे व्रण अजून आहेत.

त्यामुळे "मला होऊन गेला, आता मला भय नाही," असे करोनाबाबतही आपण सहज म्हणालो. परंतु प्रत्येक रोगाचा हिशेब निराळा असतो. देवीची शिल्लक जन्मभर पुरते. फ्लूची दरवर्षी जुनी होते, कारण तो विषाणू रूप पालटत राहतो. करोना या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो. एकदा होऊन गेल्यावर पुन्हा गंभीर आजारी पडण्याचा धोका बराच कमी होतो, परंतु पुन्हा लागण होण्याचा धोका काही महिन्यांत वाढू लागतो.

शरीराची खतावणी

परका विषाणू प्रथमच शरीरात शिरतो, तेव्हा त्याला ओळखणाऱ्या पेशी फारच थोड्या असतात. त्या शोधल्या जाव्यात, त्यांची संख्या वाढावी, त्यांनी प्रतिपिंडे तयार करावीत, यात दोन ते तीन आठवडे जातात. संकट सरल्यावर यांतील बहुतेक पेशी नाहीशा होतात. काही मात्र स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. रक्तातील प्रतिपिंडे काही महिन्यांत उतरतात, पण स्मृती त्यांच्याहून टिकाऊ असते. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना करोनाचा सौम्य आजार होऊन गेलेल्यांच्या अस्थिमज्जेत सुमारे अकरा महिन्यांनीही प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी सापडल्या. सिंगापूरमधील संशोधकांना २००३ च्या सार्स साथीतून बरे झालेल्या लोकांत सतरा वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी आढळल्या. रोजकीर्दीची पाने उलटली तरी खतावणीत नोंद राहते, तसाच हा प्रकार आहे.

आता लस काय करते ते पाहू. ती विषाणूच्या स्पाइक प्रथिनाची ओळख शरीराला करून देते. ज्या शरीराने हे प्रथिन पूर्वी पाहिलेलेच नाही, त्याच्यासाठी पहिली मात्रा म्हणजे नवे खाते उघडणे होय. त्यात रक्कम पडते ती अल्प, तीही उशिरा. दुसरी मात्रा येते, तेव्हा स्मृतिपेशी तयार असतात आणि खरी भर पडते. ज्याला आजार होऊन गेलेला आहे, त्याचे खाते आधीच उघडलेले असते. त्याच्या बाबतीत पहिलीच मात्रा दुसरीचे काम करते.

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई वैद्यकीय संस्थेतील फ्लोरियन क्रॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ च्या आरंभी हे मोजून दाखवले. एमआरएनए लसीच्या पहिल्या मात्रेनंतर, पूर्वी लागण झालेल्यांमधील प्रतिपिंडांची पातळी लागण न झालेल्यांपेक्षा १० ते ४५ पट अधिक होती. ताप, थंडी, अंगदुखी हेही पूर्वी लागण झालेल्यांत अधिक आढळले. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी चेन्नईतील आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा कोव्हॅक्सिनबाबतही असेच दिसले. पूर्वी करोना झालेल्यांना एका मात्रेनंतर मिळालेला प्रतिसाद हा लागण न झालेल्यांच्या दोन मात्रांनंतरच्या प्रतिसादासारखा होता.

म्हणजे मार्चमध्ये जी मी पहिली मात्रा समजत होतो, ती माझ्या शरीराच्या हिशेबाने दुसरी होती. अण्णांची पहिली मात्रा खरोखर पहिलीच होती. दुसऱ्या लाटेत पसरलेल्या डेल्टा या रूपासमोर त्या एका मात्रेचे बळ किती होते, हे नंतर इंग्लंडमधील आकडेवारीने दाखवले. कोविशिल्ड ज्या ॲस्ट्राझेनेका लसीचे भारतीय नाव, तिच्या एका मात्रेने लक्षणे दिसणाऱ्या आजारापासून सुमारे ३० टक्के संरक्षण मिळाले आणि दोन मात्रांनी ६७ टक्के. मी अण्णांना ३० टक्क्यांच्या भरवशावर सोडले होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ताप आला तरच लस लागू पडली, असे मुळीच नाही. सौभाग्यवतींना ताप आला नाही, तरी दुसऱ्या मात्रेनंतर त्यांच्या शरीरानेही आपले काम केलेच असणार. तसेच प्रतिपिंडांच्या एका आकड्यावरून "मी सुरक्षित आहे" असा निष्कर्ष काढू नये. निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि टी-पेशींचा हिशेब त्यांत धरलेलाच नसतो. लस घेतल्यानंतर संरक्षण मोजण्यासाठी या चाचण्या वापरू नयेत, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२१ मध्येच बजावले होते. मी ज्या आकड्यावर हुरळून गेलो, तो अर्ध्या पासबुकाचा आकडा होता.

धोरण कसे ठरले

पूर्वी लागण झालेल्यांना एकच मात्रा पुरेल का, हा प्रश्न सरकारांनाही पडला होता. फ्रान्सच्या आरोग्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२१ मध्ये अशा व्यक्तींसाठी एकाच मात्रेची शिफारस केली. भारताने दोन मात्रांचा नियम सर्वांसाठी कायम ठेवला. माझ्या मते आपल्या परिस्थितीत ते योग्य होते. कोणाला लागण होऊन गेली हे खात्रीने सांगता येईल, इतक्या चाचण्या आपल्याकडे झाल्याच नव्हत्या.

आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणांकडे पाहा. मे-जून २०२० मध्ये प्रौढांपैकी केवळ ०.७३ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली होती. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या सर्वेक्षणात सहा वर्षांवरील ६७.६ टक्के लोकांत ती आढळली. यात लसीमुळे निर्माण झालेलीही होती, परंतु मोठा वाटा प्रत्यक्ष लागणीचा होता. त्यातही मध्य प्रदेशात ७९ टक्के, महाराष्ट्रात ५८ टक्के, तर केरळात ४४.४ टक्के, असा फरक होता. आपल्या शेजारचा जळगाव जिल्हा या सर्वेक्षणात होता. एकाच गल्लीत, एकाच घरात कोणाच्या खात्यात शिल्लक आहे आणि कोणाचे खाते कोरे आहे, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता. अशा वेळी सर्वांचे खाते कोरे समजून दोन मात्रा देणे हाच सुरक्षित व्यवहार होता.

१९ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने आणखी एक सूचना दिली: आजारातून बरे झाल्यावर तीन महिन्यांनी लस घ्यावी. "आजारी माणसाला आधी लस द्यायला हवी, मग हा विलंब कशाला?" असे तेव्हा अनेकांनी विचारले. यामागे दोन कारणे सांगता येतात. एक, नुकत्याच बरे झालेल्या माणसाला काही काळ स्वतःचे संरक्षण असते, त्यामुळे तोवर ती मात्रा कोऱ्या खात्याच्या माणसाला देता येते. दुसरे, रक्तात प्रतिपिंडांची गर्दी असताना लस दिली, तर ती स्मृतिपेशींपर्यंत पोहोचण्याआधीच काही अंशी निष्प्रभ होऊ शकते. शिवाय स्मृतिपेशींना परिपक्व होण्यास काही महिने लागतात. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली तर पूर्ण व्याज मिळत नाही, हे आपण जाणतोच.

लसीच्या वाहनाचीही ओळख

पूर्वीची प्रतिकारशक्ती केवळ करोनाचीच असते असे नाही. कोविशिल्डमध्ये स्पाइक प्रथिनाचा संदेश शरीरात नेण्यासाठी एक निरुपद्रवी केलेला ॲडेनोविषाणू वाहन म्हणून वापरला आहे. मनुष्यांत सर्दी-पडसे निर्माण करणारे ॲडेनोविषाणू आपल्यापैकी बहुतेकांना बालपणीच भेटलेले असतात. त्यांपैकीच एखादा वापरला असता, तर शरीराने त्या वाहनालाच दारात अडवले असते. म्हणून ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी चिंपांझींमध्ये आढळणारा ॲडेनोविषाणू निवडला. रशियाच्या स्पुटनिक-व्ही या लसीत दोन मात्रांसाठी दोन वेगळे मानवी ॲडेनोविषाणू वापरले, ते याच विचाराने: पहिल्या वाहनाविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांनी दुसऱ्याला अडवू नये.

नमुना सही

तर मग पूर्वीची शिल्लक नेहमी लाभाचीच असते का? बहुधा होय, पण तिलाही मर्यादा आहे. ज्यांची पातळी आधीच उंच असते, त्यांच्यात नव्या मात्रेने पडणारी भर प्रमाणाने कमी असते. दुसरी मर्यादा अधिक विचार करण्यासारखी आहे.

बँकेत खातेदाराची नमुना सही जपून ठेवलेली असते. पुढे वीस वर्षे प्रत्येक धनादेश त्याच सहीशी ताडून पाहिला जातो. वयानुसार सही बदलली, तरी कारकुनाची नजर जुन्या नमुन्यातील वळणेच शोधत राहते. शरीराचेही काहीसे असेच आहे. विषाणूचे जे रूप प्रथम भेटले, त्याची छाप खोल उमटते. पुढे बदललेले रूप आले की, जुन्या वळणांना ओळखणाऱ्या पेशी आधी पुढे सरसावतात आणि नव्या वळणांसाठी नव्या पेशी घडण्यास अवसर कमी मिळतो. अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी फ्लूचा अभ्यास करून १९६० मध्येच हे मांडले होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन आला, तेव्हा हा प्रश्न करोनाबाबतही ऐरणीवर आला. त्याच्या स्पाइक प्रथिनात तीसहून अधिक बदल होते. लस घेतलेल्यांना आणि पूर्वी आजारी पडलेल्यांनाही त्याची लागण झाली. मात्र टी-पेशी आणि न बदललेला भाग ओळखणारी प्रतिपिंडे उपयोगी पडली; गंभीर आजारापासून संरक्षण बऱ्याच अंशी टिकले. पुढे मूळ रूप आणि ओमिक्रॉन या दोहोंचा समावेश असलेल्या लसी आल्या, तेव्हा त्यांतील मूळ रूपाचा भाग जुन्याच स्मृतीला पुन्हा चाळवतो, असे दिसले. म्हणून मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने नव्या लसींतून मूळ रूप वगळण्याची शिफारस केली. नमुना सही अद्ययावत करून घ्यावी, तसाच हा सल्ला होता.

लागण आणि लस या दोन्हींतून मिळणाऱ्या प्रतिकारशक्तीला संमिश्र प्रतिकारशक्ती म्हणतात आणि ती एकेकटीपेक्षा भक्कम ठरते, हेही अनेक देशांत दिसून आले. हे ऐकून कोणी "मग आधी होऊनच जाऊ दे" असे म्हणेल, तर त्याने अण्णांच्या त्या सतरा दिवसांचा विचार करावा. शिल्लक वाढवण्यासाठी कोणी घरावर दरोडा पडू देत नाही. ज्यांना नकळत लागण होऊन गेली त्यांनी लसीने ती शिल्लक पक्की करावी, एवढाच या माहितीचा उपयोग.

भाषासमितीचा धडा

आपल्या आगमांनी साधूंसाठी पाच समिती सांगितल्या. त्यांतील दुसरी भाषासमिती. बोलताना विवेक राखावा, आपल्या शब्दांनी कोणत्याही जीवाची हिंसा होऊ नये, हा तिचा अर्थ. श्रावकानेही आपल्या परीने ती पाळावी, असे गुरुदेव सांगतात. मी आजवर असत्य न बोलण्यापुरताच तिचा विचार करत होतो. एप्रिल २०२१ मध्ये मी असत्य बोललो नव्हतो. "एका डोसात काम झालं" हे विधान माझ्या शरीरापुरते, सप्टेंबरमध्ये येऊन गेलेल्या आजाराच्या अपेक्षेने, बऱ्याच अंशी खरे होते. 'माझ्या बाबतीत' हे शब्द मी गाळले आणि तेच विधान अण्णांच्या बाबतीत असत्य झाले. स्याद्वाद आपण व्याख्यानांत शेकडो वेळा ऐकतो. विधानाला त्याची अपेक्षा जोडल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, हे मला असे फोनवरच्या एका वाक्यातून शिकावे लागले.

करोनाची आणीबाणी जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही, आणि उद्या दुसरी एखादी साथ येणारच नाही असे कोण सांगेल? म्हणून घरातील ज्येष्ठांसाठी एक सोपा उपाय सुचवतो. प्रत्येकाच्या नावे एका वहीत एक पान ठेवावे. त्यावर लागण केव्हा झाली, कोणती लस कोणत्या तारखेला घेतली, त्यानंतर काय त्रास झाला, मधुमेह-हृदयविकारासारखे कोणते जुने आजार आहेत, हे लिहावे. पुढे कोणतीही लस घेण्याचा प्रसंग आला की डॉक्टरांना ते पान दाखवावे आणि त्यांच्या सल्ल्याने ठरवावे. शेजाऱ्याच्या, मित्राच्या किंवा निवृत्त बँक अधिकारी असलेल्या मावसभावाच्या अहवालावरून ठरवू नये.

अण्णांचे पान मीच लिहून दिले आहे. गेल्या संवत्सरीला ते पाहून ते म्हणाले, "सारा दोष तुझा नाही रे. मला रांगेत उभं राहायचं नव्हतं. मला जे ऐकायचं होतं तेच तू बोललास." हे त्यांचे मोठेपण. पण ऐकणाऱ्याला जे हवे तेच आपल्या तोंडून निघत आहे, असे वाटले की सांगणाऱ्याने क्षणभर थांबावे, एवढे मी त्यातून घेतले.

त्या काळात माझ्या अर्धवट माहितीवर विसंबून आणखी कोणी रांग सोडली असेल, तर त्या सर्वांना मनःपूर्वक खमत खामणा. मिच्छामि दुक्कडम्.